मागची बाजू

सोहारच्या आमच्या कॉलेजात गुणवत्ता कक्ष म्हणजे
मी, एक प्रिंटर
आणि अब्बांच्या दुकानातलं दोनशे ग्रॅमचं वजन.
एसीचा झोत थेट टेबलावर येतो,
कागद उडतात. म्हणून ते वजन.

मंडणगडला वर्षातून एकदा निरीक्षक यायचा,
वजनं ओळीनं पालथी घालायचा,
बुडाच्या शिशात ठोकायचा त्या वर्षाचा शिक्का.
गिऱ्हाईक कधी वजन उलटं करून बघत नाही,
तरी अब्बा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे.
हे एक नापास झालं. झिजून दीड ग्रॅम कमी.
दीड ग्रॅम जिरं कुणाला कळणार, मी विचारलं.
अब्बांनी ते तराजूवरून उचललं,
दाराला अडकण लावलं.
म्हणाले, आता हे नुसतं लोखंड.

आमचा करार आहे लांबच्या एका थंड विद्यापीठाशी.
भिंतीवर फोटो: दोन माणसं, दोन पेनं, दोन झेंडे,
मध्ये खजुरांची ताटली, कुणी हात न लावलेली.
पदवी त्यांची, वर्ग आमचे,
आणि शिकणारे बंदरावरून येतात संध्याकाळी सातला,
बुटांवर लोहखनिजाची धूळ घेऊन,
लाल, थेट आमच्याकडच्या मातीसारखी.
फरशीवर ती उमटते. सकाळी पुसली जाते.

मार्चमध्ये मानांकनाची समिती येणार होती.
सल्लागार मंडळाच्या बैठका हव्यात चार,
झालेल्या दोन.
डॉक्टर फाखूरी मायेनंच म्हणाले,
उरलेल्या दोन लिहून टाक, परकार.
चहा तर आपण प्यायलोच होतो ना?

रात्री लिहिल्या.
तारीख, दालन, गणपूर्ती.
एका सदस्याचा विरोधही नोंदवला, खरं वाटावं म्हणून.
इतकं चांगलं इतिवृत्त मी खऱ्या बैठकीचं कधी लिहिलं नव्हतं.
प्रिंट काढल्या. उडायला लागल्या.
वर ठेवायला वजन उचललं
आणि बराच वेळ ते हातातच राहिलं.

सकाळी फाईल दिली ती दोन बैठकांची.

समितीत तिघं. त्यांतल्या लिंडक्विस्टबाईंनी
खमीस मक़बालीला विचारलं, या पदवीनं काय बदललं?
खमीस क्रेन चालवतो. म्हणाला,
आधी एवढंच ठाऊक होतं, क्रेन किती टन उचलते.
आता कळतं, ती उभी राहिली तर तासाला कुणाचे किती जातात.
पूर्वी उभ्या क्रेनमध्ये छान झोप लागायची.
बाई हसल्या. पेन कागदावर फिरवलं थोडं,
पण यासाठी त्यांच्या तक्त्यात रकाना नव्हता.

मान्यता मिळाली. एक वर्षाची, सशर्त.
थंड शहरातून पत्र आलं,
त्यात 'चिंता' हा शब्द तीनदा, फार सभ्यपणे.
नव्या तुकडीतल्या अकरा जणांनी फी परत मागितली.
त्यांना मी काय सांगणार होतो?
डॉक्टर आता सलामाला तेवढं उत्तर देतात.
घरी बायको म्हणाली, करार संपला तर
पोरांच्या शाळेचं काय, ते तरी लिहून ठेव कुठे.

जूनमध्ये, छेचाळीस अंशांच्या दुपारी,
खमीस मस्कतहून शिक्के मारून आला
आणि पदवी माझ्या टेबलावर ठेवली, पालथी.
पुढचं मला माहीत आहे, म्हणाला,
माझंच नाव. मागचं बघ.
मागे एक निळा शिक्का, एक हिरवा,
तिकिटं, दोन सह्या,
आणि कुणाच्या तरी अंगठ्यानं फरकटलेली शाई.
त्याला सात झेरॉक्स हव्या होत्या.

झोत आला. कागद हलला.
त्यानं चटकन वजन उचलून वर ठेवलं,
मग पुन्हा उचललं, उलटं केलं.
शिशात एक्याण्णवचा शिक्का, शेवटचा.
त्यापुढे जागा कोरी.

तळहातावर जोखत त्यानं विचारलं,
हे बरोबर दोनशे आहे?

नाही, मी म्हणालो.
दीड कमी.